न पेटलेले काजवे

१

सोमवारी सकाळी बोझेना कुबिकोवाने पेशीघराचं दार उघडलं, तर पोहण्याच्या तलावावर येतो तसला वास तिच्या नाकात गेला. साफसफाईवाल्यांनी फरशीवर काहीतरी जास्त ओतलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिने इन्क्युबेटर उघडला. सगळ्या डिश जागच्या जागी होत्या, झाकणं लावलेली, एकीवर एक नीट रचलेल्या. फक्त त्यांतला गुलाबी द्रव नाहीसा झाला होता आणि त्याजागी पाण्यासारखं काहीतरी होतं. तिने एक डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशींचा मागमूस नव्हता.

मागे वळली तेव्हा टेबलावरच्या कुप्या तिला दिसल्या. गोठवून ठेवलेल्या पेशींच्या इवल्या कुप्या नायट्रोजनच्या टाकीतून काढून, टोपणं उघडून ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक कुपीला तोच वास. ब्लीच.

ब्रनोच्या गुन्हे शाखेची कॅप्टन ब्लांका शेबेलोवा आली, तेव्हा बोझेनाने तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"आधी बूट काढा, कॅप्टनबाई. पेशी मेल्या असल्या तरी पेशीघर आहे हे."

ब्लांकाने मुकाट्याने बूट काढले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तपकिरी सपाता पायांत सरकवल्या. रॅकवर प्रत्येकाची जोडी ठरलेली. बोझेनाचे लाकडी तळव्यांचे खडखडणारे जोडे, डॉ. हुदाकच्या रबरी चपला. सगळं वर्षानुवर्षं वापरून पायाच्या आकाराचं झालेलं. दाराशी एक उंच, पिकल्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या पायांत राखाडी रंगाच्या नव्याकोऱ्या सपाता होत्या आणि त्या जपून पावलं टाकत होत्या. या डॉ. रादमिला हावलातोवा. ज्या पेशी मेल्या, त्या त्यांनीच घडवल्या होत्या.

रादमिलाबाईंनी मोजक्या शब्दांत सगळं समजावलं. गर्भापासून काढलेल्या स्टेम सेलपासून शरीराची कोणतीही पेशी बनवता येते, पण त्या वाढवताना एखादी पेशी बिघडते आणि आवरेनाशी वाढू लागते. असली एक जरी पेशी रोग्याच्या अंगात गेली, तर पुढे गाठ होते. म्हणून त्यांनी या पेशींच्या आत एक खूण बसवली होती. पेशी बिघडू लागली की सूक्ष्मदर्शकाखाली लाल चमकायची. चांगली असेल तर अंधारी राहायची. संस्थेत सगळे त्यांना काजवे म्हणत.

"आणि आता एकही काजवा उरला नाही?" ब्लांकाने विचारलं.

"टाकीच्या तळाची एक पेटी राहिलीय," रादमिलाबाई म्हणाल्या. "अगदी सुरुवातीच्या कुप्या. घाईत राहून गेली असेल."

ब्लांकाने खोलीभर नजर फिरवली. प्रत्येक टेबलावर हात पुसायला, भांडी पुसायला ठेवलेल्या अल्कोहोलच्या बाटल्या होत्या. ब्लीचचा रिकामा कॅन कचऱ्याच्या डब्यात मिळाला. तो तळघरातल्या न्हाणीघरातून वर आणलेला होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नेत्र रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. पेर्नित्सा बोलत होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"कॅप्टन, हे कोणी केलं ते तुम्ही सावकाश शोधा," ते म्हणाले. "का केलं, ते मात्र मला बुधवारच्या आत हवं. माझ्याकडच्या एका बाईचा डोळा त्यावर अडलाय. डोळ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं."

२

बाईंचं नाव आनेझ्का वित्कोवा. तिश्नोवला राहणाऱ्या, एकट्या, सत्तरी ओलांडलेल्या. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पसरत गेलेला, समोरच्याचे कान दिसायचे आणि चेहरा नाही. एप्रिलमध्ये पेर्नित्सांनी त्यांच्या डाव्या डोळ्यात काजव्यांपासून बनवलेल्या पेशींचा पातळ पापुद्रा बसवला. तीन महिन्यांत बाई वर्तमानपत्र वाचायला लागल्या. या गुरुवारी उजव्या डोळ्याची पाळी होती.

पेर्नित्सांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. दुसऱ्यात पापुद्र्याच्या कडेला एक बारीक फुगवटा होता, तांदळाच्या कणीएवढा.

"हा जखमेचा वण असू शकतो. नव्वद टक्के तोच असेल असं मी गेल्या महिन्यात म्हणालो असतो," ते म्हणाले. "आता तो वाढलाय."

सुई टोचून नमुना घेता येत नाही का, असं ब्लांकाने विचारलं. ते मान हलवत म्हणाले की टोचलं आणि ती खरोखरच गाठ निघाली, तर तिला आपणच वाट करून दिल्यासारखं होईल. डोळ्यामागून मेंदूकडे जाणारी वाट फार लांब नसते. गाठ असेल तर डोळा ताबडतोब काढला पाहिजे. वण असेल तर बोटही लावायचं नाही, कारण बाईंना चेहरे दाखवणारा तेवढा एकच डोळा आहे. फरक ओळखायचा एकच मार्ग होता. त्याच पेशींच्या बहिणी संस्थेच्या इन्क्युबेटरमध्ये आणि टाकीत होत्या. त्यांची गुणसूत्रं तपासायची. बहिणी चांगल्या निघाल्या तर वण, बिघडलेल्या निघाल्या तर गाठ. उरलेली तळाची पेटी फार आधीची, तिच्यावरून यातलं काही कळणार नव्हतं.

"शुक्रवारी दुपारी मी संस्थेत फोन केला, नमुना सोमवारी पाठवा म्हणून. संस्थेचे प्रमुख प्रोफेसर कालुस, त्यांच्या नावाच्या संताचा दिवस होता, वाढदिवसासारखाच साजरा चाललेला, सगळे स्वयंपाकघरात सँडविच खात होते. कालुसांनी फोन स्पीकरवर टाकला, मला शुभेच्छा द्यायला लावल्या आणि मग माझं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं."

"सगळे म्हणजे?"

"कालुस, हावलातोवा, तो स्लोव्हाक हुदाक आणि लॅबवाल्या कुबिकोवाबाई."

ब्लांका बराच वेळ त्या तांदळाच्या कणीकडे बघत राहिली. नासधूस रागाने केली असेल, तर पेशींबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं. ऑपरेशन थांबवायला केली असेल, तर करणाऱ्याला नुसती भीती होती, माहिती नव्हती. पण लपवण्यासाठी केली असेल, तर करणाऱ्याला उत्तर ठाऊक होतं.

"समजा, मला कारण सापडलंच नाही, तर?"

"मग मी नाणं उडवीन," पेर्नित्सा म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

३

प्रोफेसर वेन्देलिन कालुसांना गुन्हेगार आधीच सापडला होता. हुदाकने शुक्रवारी सगळ्यांसमोर जे सांगितलं, ते त्यांनी कॅप्टनला शब्दशः ऐकवलं. फोन ठेवल्यावर हुदाक म्हणाला होता, "आता तरी तपासा, नाहीतर सगळ्यावर ब्लीच ओतून मोकळे व्हा." आणि सोमवारी ब्लीच ओतलेलं. अजून काय पुरावा हवा? मुलगा हुशार आहे, पण कडवट. वर्षभर काजव्यांच्या वाईटावर टपलेला. स्वतःच्या नावावर काही नाही, मग दुसऱ्याचं कसं सहन होणार.

प्रोफेसर शुक्रवारी सँडविच संपताच गावाबाहेरच्या आपल्या कुटीवर गेले होते आणि सोमवारी पहाटे परतले होते. बायको, मेहुणा आणि शेजारी यांच्याबरोबर त्यांनी दोन दिवस छपराचे पत्रे बदलले होते. बोलता बोलता त्यांना पेशीघरातलं काहीतरी दाखवायचं होतं, तर दिव्याचं बटण सापडेना. ते शेवटी बोझेनाने लावलं. टाकीत कोणत्या पेटीत काय असतं, असं ब्लांकाने सहज विचारलं. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना मोजे कुठल्या खणात असतात ते विचारलं होतं.

"ते रादमिला बघते. मी संस्था बघतो."

ओन्द्रेय हुदाक स्वयंपाकघरात शुक्रवारची उरलेली सँडविचं खात बसला होता. पावाच्या कडा वाळून वर वळल्या होत्या.

"बसा. खाणार? अंड्याचं आहे, पण आता ते दगडाचं म्हणायचं," तो म्हणाला. "प्रोफेसरसाहेबांनी माझं नाव सांगितलं ना? इथे दूध नासलं तरी मलाच विचारतात."

"ब्लीचचं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो. सगळ्यांच्या कानावर पडेल असं म्हणालो. आणि मग दुसऱ्या दिवशी येऊन तेच करायचं? मी स्लोव्हाक आहे, कॅप्टनबाई, गाढव नाही."

मग त्याने खाणं थांबवलं. वर्षभर तो एकच गोष्ट मागत होता, काजव्यांची गुणसूत्रं तपासा. प्रत्येक बैठकीत त्याला एकच उत्तर मिळायचं. लाल दिसत नाही ना, मग कशाला? तपासणीला डिश मोडावी लागते, आठवड्यांची वाढ वाया जाते. काजवा बनवला तोच तपासण्या वाचाव्यात म्हणून. आणि रादमिलाबाईंच्या काजव्यावर शंका घेणारा हा कोण?

"शुक्रवारी पेर्नित्सांचा फोन आला तेव्हा मला आनंद झाला," तो म्हणाला. त्याची त्यालाच लाज वाटलेली दिसली. "त्या बाईंचं वाईट वाटलं, हो, पण आनंदही झाला. म्हटलं, आता तपासावंच लागेल. मी बरोबर होतो की चूक, ते सोमवारी ठरणार होतं. आता ते कधीच ठरणार नाही. मेलेल्या पेशींचीसुद्धा गुणसूत्रं तपासता येतात. पण ब्लीचने तीही विरघळतात. शिल्लक काहीच राहत नाही."

"आणि अल्कोहोल ओतलं असतं तर?"

हातातलं सँडविच त्याने बशीत ठेवलं.

"अल्कोहोलमध्ये तर आम्ही नमुने जपून ठेवतो," तो म्हणाला.

४

बोझेनाने रबरी हातमोजे घालूनच जबाब दिला. शनिवार-रविवारची पाळी तिची होती. स्टेम सेलला रोज नवं खाद्य लागतं, त्यांना सुट्टी कळत नाही. शनिवारी दुपारी तिने खाद्य बदललं, सगळं ठीक होतं. रविवारी बदललं, तेव्हाही सगळं ठीक होतं.

"रविवारीसुद्धा?"

"हो म्हटलं ना."

ब्लांकाने तिला हातमोजे काढायला सांगितले. बोझेनाने एक एक बोट ओढत ते काढले. बोटं नखांपर्यंत काळी पडली होती. ब्लांकाच्या सासरीही अक्रोडाची झाडं होती. हिरव्या सालीतून अक्रोड सोलले की बोटं अशी रंगतात आणि आठवडाभर साबणाला दाद देत नाहीत.

"कुठे सोललेत?"

"भावाकडे, ब्झेनेत्सला," बोझेना म्हणाली. "सगळेच करतात हो असं. शनिवारी दुप्पट खाद्य द्यायचं आणि रविवारी यायचं नाही. डॉक्टरबाईंना माहीत नाही असं थोडंच आहे? त्यासुद्धा करतात. पण कागदावर कोण लिहील?"

म्हणजे शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत इथे कोणी फिरकणार नव्हतं आणि ते चौघांनाही ठाऊक होतं. ब्लांकाने अक्रोडांचा विषय सोडून दिला. बोझेनाला इतकं बरं वाटलं की ती न विचारताच बोलत सुटली. काजव्यांना तिने पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. रोज सकाळी दिवा बंद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कुठे लाल ठिपका दिसला की बारीक सुईने तेवढाच पुंजका खरवडून काढून टाकायचा आणि बाकीची डिश पुढे वाढवायची.

"लाल दिसलं तर अख्खी डिश फेकायची नाही?"

"अहो, मग काम कसं चालायचं? स्टेम सेलवाले जगभर असंच करतात. वाईट पुंजका दिसला की काढायचा, चांगला ठेवायचा. तांदळातले खडे निवडतो तसं. डॉक्टरबाईंनीच शिकवलं मला. माझा हात इतका बसला की आधी आठवड्याला चार-पाच लाल ठिपके दिसायचे, ते कमी कमी होत गेले. या जानेवारीपासून एकही नाही. एकही." तिने काळी बोटं टेबलावर पसरली. "प्रोफेसरसाहेबांनी त्यासाठी मला फुलं दिली होती."

ब्लांका बोलायला काही नाही म्हणून बोलावं तसं म्हणाली, की डॉक्टरबाईंच्या सपाता नव्या दिसतात.

"अखेर घेतल्या म्हणायच्या. जुन्यांतून अंगठा बाहेर डोकावायचा, आम्ही किती चिडवायचो. निळ्या होत्या, त्यांच्या आईने विणलेल्या. टाकवत नव्हत्या त्यांच्याच्याने. शुक्रवारपर्यंत त्याच पायांत होत्या."

५

कॅप्टन व्हायच्या आधी ब्लांका एका खेड्यातल्या चौकीत होती. तिथल्या साहेबांनी नियम काढला होता, की ज्याच्या हद्दीत चोरी नोंदली जाईल त्याची नाताळची सुट्टी रद्द. पहिल्या वर्षी दोन हवालदारांची सुट्टी गेली. दुसऱ्या वर्षी हद्दीत चोऱ्याच होईनाशा झाल्या आणि साहेबांना पदक मिळालं. चोऱ्या चालूच होत्या. त्या सांगणारी माणसं तेवढी कमी झाली होती.

बोझेनाची सुई रोज सकाळी तेच करत होती. बिघडलेली पेशी लाल झाली की ती पकडली जायची. पण एखादी पेशी बिघडली आणि तिच्या आतला दिवाही बंद पडला, तर ती कोणालाच दिसत नव्हती. लाल झालेल्या रोज मरत होत्या आणि न पेटणाऱ्या वाढत होत्या. दिवा नसलेल्या साध्या पेशी निवडल्या असत्या तर बोझेनाचा हात चांगलाच होता. पण या पेशी निवडण्यासाठी नव्हत्या, त्यांचा इशारा ऐकण्यासाठी होत्या. लाल ठिपका दिसताच अख्खी डिश टाकून तळच्या पेटीतली नवी कुपी काढायला हवी होती. जानेवारीपासून डिश अंधाऱ्या होत्या, कारण त्यात फक्त गप्प राहणाऱ्या उरल्या होत्या. आनेझ्काबाईंच्या डोळ्यात पापुद्रा बसला तो एप्रिलमध्ये.

रादमिलाबाई आपल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. खाली ट्राम वळण घेत होती. ब्लांकाने दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि घाई न करता बोलायला सुरुवात केली.

"नुसत्या पेशी मारायच्या होत्या, तर हाताशी अल्कोहोल होतं. इन्क्युबेटरचं बटण बंद केलं तरी चाललं असतं. पण तळघरात जाऊन ब्लीच आणलंय आणि एकेक कुपी उघडून भरलीय. म्हणजे ज्याने हे केलं त्याला पेशी मारायच्या नव्हत्या, तपासणी मारायची होती. हुदाकला तपासणीच हवी होती, म्हणून तो नाही. प्रोफेसरांना टाकीतलं काही कळत नाही, आणि ज्याने हे केलं त्याने बरोबर सुईखालून गेलेल्या कुप्या उचलल्या. सुई लागायच्या आधीची तळची पेटी त्याने ठेवली. घाईत राहिली नाही ती. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं मनात होतं."

"बोझेनाला माहीत आहेत कुप्या," रादमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही.

"बोझेनाने सुईची गोष्ट मला न विचारता, कौतुकाने सांगितली. जे लपवायला इतका खटाटोप केला, ते माणूस फुलं मिळाल्यासारखं सांगत नाही."

ब्लांकाची नजर त्यांच्या राखाडी सपातांवर गेली.

"आईने विणलेल्या सपाता कुठे आहेत, डॉक्टरबाई?"

रादमिलाबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"टाकल्या," त्या म्हणाल्या. "पांढरे डाग पडले होते."

मग त्यांनी सांगितलं. शुक्रवारी फोन ऐकल्यावर त्यांनी दोन घास कसेबसे गिळले. सगळे गेल्यावर एक डिश मोडली आणि शनिवारी दिवसभर आपल्या खोलीचं दार लावून गुणसूत्रं पाहिली. दर पेशीत तोच एक तुकडा जास्तीचा. तसल्या पेशी मरत नाहीत, इतरांना मागे टाकतात. आणि त्यातली एकही लाल नव्हती. त्यांना कळायला वेळ लागला नाही. सुई त्यांनीच बोझेनाच्या हातात दिली होती. पूर्वी सगळेच निवडायचे, त्याही निवडायच्या. डोळ्यांना सवय, हाताला सवय. दिवा बसवल्यावर ती सवय विष झाली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"हुदाकने वर्षभर सांगितलं तुम्हाला."

"हुदाकने तपासा म्हणून सांगितलं. सुई थांबवा असं त्यालाही सुचलं नाही." त्या पहिल्यांदाच ब्लांकाकडे वळल्या. "हे बाहेर गेलं असतं तर या देशात स्टेम सेलला पुन्हा कोणी हात लावू दिला नसता. माझं सोडा. आंधळे होणारे सगळे तसेच राहिले असते. म्हटलं, तळची पेटी आहे. यावेळी नीट करीन."

"आणि आनेझ्काबाई?"

"तो वणही असू शकतो."

"तुम्ही पाहिलंय ते चित्र."

"हो."

"वण आहे?"

रादमिलाबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ब्लांकाने त्यांना सांगितलं की जबाबाचे कागद नंतर होतील, त्यांची घाई नाही. तिला आत्ता एकच वाक्य हवं होतं, आणि तेही पेर्नित्सांसाठी. एप्रिलचा पापुद्रा सुईखालून गेलेल्या पेशींचा होता का?

"हो," रादमिलाबाई म्हणाल्या. "त्याच पेशी. डोळा काढा म्हणावं त्यांना. आजच सांगा."

ब्लांकाने फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "आणि त्यानंतर आपण तिश्नोवला जाऊ."

६

आनेझ्काबाई स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून अळंबी निवडत बसल्या होत्या. टोपली काठोकाठ भरलेली. त्या पहाटे एकट्याच रानात जाऊन आल्या होत्या, पाच वर्षांत पहिल्यांदा. मधल्या काळात शेजारीण कधीमधी आणून द्यायची, पण दुसऱ्याने वेचलेली अळंबी आपण खात नाही, असं त्यांनी आल्या आल्या पाहुण्यांना सांगितलं. विषारी कोणती आणि चांगली कोणती, हे आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घास खाली उतरत नाही.

पेर्नित्सा मागच्या गाडीने येत होते. रादमिलाबाई दारातच बूट काढून मोज्यांवर उभ्या राहिल्या. आनेझ्काबाईंनी त्यांना आवाजावरून ओळखलं. एप्रिलमध्ये शुद्धीवर आल्यावर बाजूला बसून बोलत होत्या त्या याच, म्हणून त्यांनी ब्लांकाला सांगितलं, आणि लगेच त्यांच्यासाठी दोन मुठी अळंबी कागदात बांधायला घेतली.

"बांधू नका," रादमिलाबाई म्हणाल्या. "मला आधी काहीतरी सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. सुई, जानेवारी, एप्रिल, शनिवार. सोपे शब्द वापरले, पण काही गाळलं नाही. ब्लांका भिंतीला टेकून उभी होती. चुकतील तिथे थांबवायचं, असं तिने ठरवलं होतं, पण तशी गरज पडली नाही. आनेझ्काबाईंचा चाकू आधी सावकाश चालत होता, मग थांबला.

"म्हणजे ज्या डोळ्याने दिसतंय, तोच काढायचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि उजवा?"

"उजव्याचं गुरुवारचं रद्द झालं. आमच्याकडे आता द्यायला पेशी नाहीत."

"केल्या कोणी नाहीशा?"

"मी."

आनेझ्काबाईंनी मान डोलावली, जणू कोणीतरी त्यांना गाडीची वेळ सांगितली होती. डोळा कधी काढणार, असं त्यांनी विचारलं. ब्लांकाने सांगितलं की डॉक्टर निघाले आहेत, शक्य झालं तर आज संध्याकाळीच दाखल व्हायचं, उद्या सकाळी ऑपरेशन. रादमिलाबाईंनी शनिवारीच तोंड उघडलं असतं, तर दोन दिवस वाचले असते, हे ब्लांका बोलली नाही. आनेझ्काबाईंनी ते मनातल्या मनात मोजलं असावं, कारण त्या पुन्हा रादमिलाबाईंकडे वळल्या.

"तुम्हाला मी कधी नीट पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा पट्टी होती. इकडे या. खिडकीपाशी, उजेडात."

रादमिलाबाई जागच्या हलल्या नाहीत. ब्लांकाला वाटलं, आता यांना ढकलावं लागेल. मग त्या मोज्यांच्या पायांनी चालत खिडकीपर्यंत गेल्या आणि बाईंच्या समोर उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं. आनेझ्काबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या, डोकं थोडं उजवीकडे वळवलं म्हणजे डावा डोळा समोर येईल, आणि बघायला लागल्या. कपाळ, भुवया, नाक, तोंड. बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला, दार आपटलं, बेल वाजली.

"थांबायला सांगा त्यांना," आनेझ्काबाई म्हणाल्या. त्यांनी नजर काढली नाही. "माझं अजून झालं नाही."